धुतलेली नोट

धुतलेली नोट आम्ही दिव्याखाली ओळखतो.
खरा कागद त्या जांभळ्या उजेडात गप्प असतो,
कुठे एखादा धागा, एखादा आकडा तेवढा चमकतो.
पण साबणाच्या पाण्यातून गेलेली नोट
अंगभर निळी पेटते,
खरी असूनही खोट्यासारखी.

मत्राहच्या एक्स्चेंजमध्ये तीन नंबरचा काउंटर माझा.
अकरा वर्षं.
घरी मेथी निवडतानासुद्धा
शंभर पानं झाली की मी रबर शोधते.

मागच्या गल्लीत शराफत नाखवाची लाँड्री.
मूळ बाणकोटचा. त्याचा आजा पडाव घेऊन यायचा इथे,
तेव्हा इथेही रुपयाच चालायचा,
आपलाच, पण रंग बदलून आखातासाठी छापलेला.
तसली एक लाल दहाची
शराफतच्या इस्त्रीच्या टेबलावर काचेखाली आहे.
चित्र काढायला त्या नोटेनं शिकवलं, म्हणतो.
चौथीत होता. सुट्टीभर एकच वेलबुट्टी गिरवली,
पेन न उचलता.

लोकांच्या खिशांत नोटा राहतात.
तो त्या वाळवतो, वहीत मांडतो, परत देतो.
आणि शर्टाच्या घडीत घालायच्या पुठ्ठ्यावर
रात्री प्रत्येकीची एक बहीण काढतो.
नोटेवर जिथे चेहरा असतो
तिथे खिशाच्या मालकाचा चेहरा.
चेहरा पाहिलेला नसेल तर नुसती कॉलर.
आकड्याच्या जागी
नोटेसोबत जे निघालं ते:
खजुराच्या दोन बिया,
दातदुखीची अर्धी गोळी,
विमानतळावरच्या ट्रॉलीचं नाणं.

एकदा दुपारी आला, दहा रियाल पुढे केले.
"बाय, ही खरी हाय का बघ. पाण्यात गेली व्हती."
मी दिवा लावून दाखवला.
तो बराच वेळ काचेला नाक लावून उभा होता.
गिऱ्हाईक खोळंबलं होतं, म्हणून मी जरा रागावलेच.

मग महिन्याभरानं, पगाराच्या गुरुवारी,
दारापर्यंत रांग,
मोतालेब नावाच्या रंगाऱ्यानं
नोटांबरोबर एक पुठ्ठा सरकवला.
पुठ्ठ्यावर तोच, कानामागे ब्रश,
भोवती कोळ्याच्या जाळ्याहून बारीक रेघा.
"इसका आज क्या रेट?"
मागचे हसले. तोही हसला, पण हात मागे घेईना.

सवयीनं मी पुठ्ठा दिव्याखाली धरला
आणि कोऱ्या कोपऱ्यात, जिथे जलचिन्ह असतं,
निळी अक्षरं उठली, साबणाच्या पाण्यानं लिहिलेली,
आपल्या भाषेत, काना-मात्रा वाकड्या:
मोतालेब. डावा खिसा फाटका.
चार वेळा पैशे पडले. शिवला.

मी त्याला वाचून दाखवलं, हिंदीत.
त्यानं डाव्या खिशात बोटं घातली,
तळाला टेकेपर्यंत.
मग म्हणाला, बत्ती फिर से जलाओ.
मी लावली.
रांगेतलं कोणी काही बोललं नाही,
किंवा बोललं असेल, मला ऐकू आलं नाही.
फॉर्मवर रेटचा रकाना मी रिकामा सोडला
आणि पुठ्ठा त्याला परत दिला, पावतीला टाचून.

संध्याकाळी शराफतला विचारलं,
अरे, हे वाचणार कोण? त्यांना ना मराठी येत,
ना त्यांच्याकडे दिवा.
तो बाही ताणून धरत होता, वाफ सोडली.
"तुझ्याकडं हाय ना," म्हणाला,
"पैशे धाडायला सगळी तुझ्याकडंच येतात."

त्या दिवशी कॅश जुळली नाही.
शंभर बैसा जास्त. तीनदा मोजली.
शटर अर्धं ओढून झाल्यावर
मी शराफतकडूनच धुऊन आलेला
माझा युनिफॉर्मचा कोट दिव्याखाली धरला.
सगळाच निळा पेटला,
बाह्या, गळा, खिशाची पट्टी.
त्यात कुठे काही लिहिलेलं असेल
तर ते वाचायला
मला तो एकदा साध्या पाण्यात काढावा लागेल,
आणि तेव्हा ते पुसलं जाईल.